इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइल: टर्बो गेला की ब्रीदर चोक?

कांजूरकर

नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची १.३ लिटर डिझेल सेदान आहे, रनिंग सव्वा लाखाच्या पुढे. रोजचा रस्ता कांजूरमार्ग ते बीकेसी, म्हणजे बहुतेक वेळ पहिला-दुसरा गिअर आणि आजूबाजूला मेट्रोच्या कामाची धूळ.

सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजवाल्याने इंटरकूलरचा (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, ती हवा वाटेत थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढून दाखवला. आतून काळं ऑइल ओघळत होतं. एअर फिल्टर उघडला तर कागदाची इंजिनाकडची बाजूही तेलकट. "साहेब, टर्बो गेला" म्हणाला, आणि आकडा असा सांगितला की मी गाडी घेऊन घरी आलो. निळा धूर दिसत नाही. ऑइल थोडं कमी होतं, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये टॉप-अप करावं लागतं. पिकअप पूर्वीसारखा नाही, पूल चढताना जाणवतं.

विचारायचंय ते असं. टर्बो खरंच गेलाय हे बाहेरून कसं ओळखायचं? ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी, नळी साफ करतात का? आणि एअर फिल्टर हवा मारून परत बसवावा की सरळ बदलावा? यावर दोन माणसं दोन गोष्टी सांगतात.

पावभाजी

टर्बो बदलूनही ऑइल दिसलं की इंजिन बदला म्हणतील, मग गाडी, आणि शेवटी मालक. :-) जरा थांबा, जाणकार येऊ द्या.

यंत्रवेडी

कांजूरकर, टर्बोला हात लावण्याआधी एकच गोष्ट बघा. एअर फिल्टरकडून टर्बोत हवा जाते तो पाइप काढा आणि टर्बोच्या तोंडाशी बोट फिरवा. तिथेच ओलं असेल तर ऑइल टर्बोच्या आधीपासून येतंय, म्हणजे ब्रीदरमधून. तोंड कोरडं ठणठणीत आणि पुढचा, इंटरकूलरकडचा पाइप ओला असेल तर मात्र टर्बोच्या सीलवर संशय घ्यायचा. तुमच्या फिल्टरची इंजिनाकडची बाजू तेलकट आहे, त्यावरून माझा कौल ब्रीदरला.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर लिहिते.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात काजळी असते, पाण्याची वाफ असते, आणि खाली फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळत असतो त्याचे बारीक थेंबही मिसळतात. हा वायू बाहेर काढला नाही तर क्रँककेसमध्ये दाब चढतो. म्हणून ब्रीदर. जुन्या इंजिनांत नळी खाली रस्त्याकडे तोंड करून सोडलेली असायची. आताच्या गाड्यांत ती एअर फिल्टरनंतर आणि टर्बोच्या आधी, हवेच्या पाइपला जोडलेली असते. मध्ये एक सेपरेटर असतो, तो थेंब वेगळे करून ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत पाठवतो. काही इंजिनांत दाब सांभाळायला रबरी पडद्याचा व्हॉल्व्हही असतो.

आता एअर फिल्टरचा संबंध. फिल्टर चोक झाला की टर्बो तेवढीच हवा ओढायला बघतो, पण फिल्टरमधून मिळत नाही. मग त्या पाइपातली ओढ वाढते. ब्रीदरची नळी नेमकी तिथेच उघडते, त्यामुळे क्रँककेसमधला वायू ऑइलसकट जास्त जोराने खेचला जातो. सेपरेटरला तेवढं वेगळं करायला जमत नाही आणि ऑइल टर्बोमार्गे इंटरकूलरमध्ये जाऊन बसतं. म्हणून फिल्टर आणि ब्रीदर ही दोन वेगळी कामं धरू नका, एकाच वेळी बघा.

उलट बाजूही आहे. सेपरेटर किंवा नळी गाळाने बुजली की क्रँककेसमध्ये दाब वाढतो. टर्बोच्या बेअरिंगचं ऑइल पंपाने वर जातं, पण परत येताना फक्त उताराने सम्पमध्ये पडतं. सम्पमध्येच दाब असेल तर ते पडणार कसं? ते टर्बोत तुंबतं आणि सीलमधून दोन्ही बाजूंना बाहेर येतं. मेकॅनिक नवा टर्बो बसवतो, ब्रीदर तसाच चोक राहतो, आणि नवा टर्बोही ऑइल मारायला लागतो.

साधा_ड्रायव्हर

मी टुरिस्ट गाडी चालवतो, सगळं आयुष्य डिझेलवर गेलं. माझा अनुभव सांगतो. एअर फिल्टरला दर आठवड्याला पंपावर हवा मारून घ्यायची, टायरवर दोन-चार वेळा आपटायचा, की गाडी मोकळी पळते. सारखा नवा फिल्टर घेणं परवडत नाही. ब्रीदरचं म्हणाल तर नळी काढून खाली सोडून द्या. ऑइल रस्त्यावर जाईल, टर्बोत जाणार नाही. सोपं काम.

यंत्रवेडी

दादा, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे आणि कारण सांगते.

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी बारा किलो हवा लागते, म्हणजे साधारण दहा हजार लिटर. डिझेल इंजिन यापेक्षा जास्तच हवा घेतं. एवढी सगळी त्या कागदातून जाते. मुंबईच्या धुळीत सिमेंट आणि वाळू आहे, आणि वाळूचा कण सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कडक असतो. चिमूटभर आत गेला तरी रिंगा आणि बोअर घासतो. रिंगा घासल्या की ब्लो-बाय वाढतो, म्हणजे परत ब्रीदरवर भार.

पंपावरच्या किंवा गॅरेजच्या गनचा दाब शंभर पीएसआयच्या घरात असतो. जवळून मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. टायरवर आपटल्याने कडेची रबरी सील वाकडी होते आणि हवा कागदाच्या बाजूने, न गाळताच आत जाते. गाडी "मोकळी" वाटते ती कधी कधी याच्यामुळे.

आणखी एक. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की फिल्टर उलट जास्त बारीक गाळतो. त्यामुळे सारखा उघडण्यात फायदा नाही, प्रत्येक वेळी झाकण उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते. मारायचीच असेल तर हवा कमी दाबाने, तीस पीएसआयच्या आत, लांबून आणि आतल्या बाजूने बाहेर. नंतर आत बॅटरी धरून अंधारात बघायचं, कुठे टाचणीएवढा उजेड दिसला तर फिल्टर फेकायचा. तेलकट झालेला कागद मात्र हवेने साफ होतच नाही, तो बदलायचाच.

दादरकर

नळी खाली सोडण्याबद्दल: रस्त्यावर ऑइल टाकणं म्हणजे मागून येणाऱ्या बाइकवाल्याचा जीव धोक्यात घालणं आहे. पहिल्या पावसात घसरतात त्या काय उगाच नाही. शिवाय तो वास बॉनेटखालून एसीत शिरतो.

साधा_ड्रायव्हर

बाइकवाल्याचं पटलं. फिल्टरचं अजून पूर्ण पटलेलं नाही, कारण माझ्या गाड्यांची इंजिनं चांगली चाललीत. पण बॅटरी धरून बघेन नक्की.

कळंबोली_ट्रेलर

आमच्याकडे ट्रेलर आहेत, उरण-जेएनपीटी ते कळंबोली स्टील मार्केट अशा फेऱ्या. फिल्टर कधी बदलायचा हे आम्ही तारखेवर नाही, इंडिकेटरवर ठरवतो. एअर क्लीनरच्या पाइपावर छोटी पारदर्शक बाटली असते, ओढ वाढली की आत लाल पट्टी वर येते. हेवी इंजिनांना साधारण ६३५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ ही शेवटची हद्द धरतात. लाल झालं की बाहेरचा एलिमेंट (फिल्टरचा कागद) बदलायचा. आतला छोटा सेफ्टी एलिमेंट कधीही हवा मारून वापरायचा नाही, तो नवाच टाकायचा.

एअर क्लीनरच्या तळाला रबरी चोच असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. रोज सकाळी ती दोन बोटांनी दाबली की मूठभर धूळ खाली पडते. तीच धूळ कागदावर बसायची वाचली. चोच फाटली किंवा पडली की तिथूनच धूळ आत ओढली जाते. आमच्या ड्रायव्हरांना टायर बघण्याआधी चोच दाबायची सवय लावली आहे.

ब्रीदरबद्दल मोठ्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. ब्रीदरमधून धूर मारतो म्हणून लगेच इंजिन खोलू नका. एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असतील तर तोही हवा क्रँककेसमध्ये ढकलतो. आमच्या एका गाडीला हाफ इंजिनाचं काम सांगितलं होतं, कॉम्प्रेसरचं कनेक्शन वेगळं करून बघितल्यावर धूर बंद. टर्बोच्या सीलमधूनही बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेली, हवा खाली येऊ शकते.

कांजूरकर

वा, बरंच कळलं. यंत्रवेडी ताई, आज पार्किंगमध्ये पाइप काढून बघितला. टर्बोच्या तोंडाशी ओलं आहे, बोटाला चांगलं काळं लागलं. मग आता माझ्या रिंगा गेल्यात की फक्त ब्रीदर चोक, हे कसं वेगळं करायचं?

यंत्रवेडी

इंजिन पूर्ण गरम करा. आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण सैल करा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. रेस करू नका, ऑइल उडेल. झाकण थोडं थरथरलं तर काळजी नाही. उडी मारून पडलं किंवा तिथून एकसारखा धापा टाकल्यासारखा धूर आला तर आत दाब आहे.

मग दुसरी पायरी. झाकण नीट लावा, ब्रीदरची नळी हवेच्या पाइपापासून सोडवा, आणि आता नळीच्या तोंडाशी बघा. त्या पाइपाचं भोक फडक्याने बंद ठेवा, धूळ जायला नको. झाकणापाशी जोर होता पण नळीतून जेमतेम हवा येते, याचा अर्थ मध्ये चोक. नळीतूनही जोरात धूर मारतोय, याचा अर्थ ब्लो-बाय खरंच जास्त आहे, मग कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासायला लागेल.

आणखी काही खुणा: डिपस्टिक आपोआप वर सरकलेली, टॅपेट कव्हरच्या गॅस्केटला नव्याने ओल, क्रँकच्या मागच्या सीलमधून थेंब. हे सगळं एकदम सुरू झालं तर सीलं बदलत बसू नका, आधी ब्रीदर. झाकण उघडायला जड जातंय आणि शिट्टीसारखा आवाज येतोय, तर उलटा प्रकार, रबरी पडदा फाटून आत जास्त ओढ बसते आहे.

झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर दिसला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, वाफ आतच राहते आणि पावसाळ्यात हे जास्त होतं. कूलंट कमी होत असेल तरच हेड गॅस्केटचा (सिलिंडरच्या वरच्या सीलचा) विचार करा.

वेसावचा_पोऱ्या

आमच्या बोटीचं सांगतो. वेसाव्याला जवळपास सगळ्यांचीच डिझेल इंजिनं, बरीचशी ट्रकचीच जात, मरीन केलेली. समुद्रात धूळ नाही त्यामुळे फिल्टरकडे दुर्लक्ष होतं. पण इंजिन रूम बंद, आणि ब्रीदर त्याच खोलीत सोडलेला. ऑइलची वाफ फिरून फिरून एअर फिल्टरवरच बसते, त्यात खारी हवा. वरून फिल्टर स्वच्छ दिसतो, हातात घेतला तर चिकट. मग इंजिन काळा धूर मारतं आणि डिझेल जास्त खातं. डिझेलच्या भावात हे कोणाला परवडतं?

माझ्या मामाने ब्रीदरची नळी एका डब्यात सोडली, डब्यात तारेचा चोथा घातला आणि डब्याला वर हवा जायला मोठं भोक ठेवलं. ऑइल डब्यात जमतं, फिल्टर कोरडा राहतो. जून-जुलैची मासेमारीची बंदी लागली की बोट वर ओढतो, तेव्हा नळी डिझेलने धुऊन काढायची, डबा साफ, एलिमेंट नवा. नारळी पुनवेनंतर समुद्रात जाताना इंजिन कसं वाजतं यावरून कळतं कोणी काम केलंय आणि कोणी नाही.

घाटमाथा

पोऱ्याने डबा सांगितलाय, त्यालाच गाडीवाले कॅच कॅन म्हणतात. एक धोक्याची सूचना. बीएस-६ गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, स्वतःच्या मनाने हे बसवू नका. वॉरंटीचा प्रश्न येतो आणि इंजिनाची यंत्रणा बंद ब्रीदर धरूनच बनवलेली असते. आणि कुठल्याही गाडीत नळीला बोल्ट मारून ती बंद करू नका. घोडबंदर रोडला एका टेम्पोवाल्याने ऑइल गळतं म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून नळी बुजवली होती. क्रँकचं मागचं सील बाहेर आलं, क्लच प्लेट ऑइलमध्ये भिजली, आणि गाडी चढावर थांबली.

कांजूरकर, तुमच्यासाठी महत्त्वाचं: इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल काढून टाका. जास्त साचलं आणि हायवेवर एकदम ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. त्याला रनअवे म्हणतात. चावी काढली तरी थांबत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी जळायला ऑइल मिळतंय. आरपीएम वर वर जातं आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा ढग. मॅन्युअल गाडी असेल तर पूर्ण ब्रेक दाबून, सगळ्यात वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ते जमलं नाही तर हवा तोडावी लागते, जाड फळीने किंवा सीओटूच्या सिलिंडरने. हाताने झाकायला जाऊ नका, आणि इंजिन किंचाळत असेल तर बॉनेट न उघडता माणसांना लांब करा.

पावभाजी

हे वाचून उद्यापासून मी लोकलने. :-)

दादरकर

फिल्टरचा विषय निघालाय तर पाण्याचं पण बोलू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कित्येक डिझेल गाड्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले होते. पाणी एअर फिल्टरच्या डब्यातून सिलिंडरमध्ये जातं, ते दाबलं जात नाही, आणि लोक बंद पडलेली गाडी परत परत सेल्फ मारतात. हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हातच लावायचा नाही. ढकलून बाहेर काढा आणि फिल्टरचा डबा उघडून बघा. कागद भिजलाय? मग इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, हाताने क्रँक फिरवून पाणी काढल्याशिवाय सेल्फ मारू नये. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर ऑइलही बदला.

माझा प्रश्न: पाण्यात बंद पडली नाही, पण डब्यात थोडं पाणी गेलं, तर कागद वाळवून चालतो का?

कळंबोली_ट्रेलर

नाही चालत. भिजून वाळलेल्या कागदाच्या घड्या एकमेकांना चिकटतात आणि कडेचा डिंक सुटतो. नवा टाका. आणि डब्याच्या तळाला पाणी जायचं भोक असतं, ते पावसाळ्याआधी काडीने मोकळं करा, चिखलाने बुजलेलं असतं.

कांजूरकर

अपडेट देतो. दुसऱ्या गॅरेजला गेलो, तिथल्या काकांनी माझ्यासमोरच सगळं काढलं. झाकण उड्या मारत होतं. नळी सोडवली तर तिच्यातून हवा जेमतेम. सेपरेटर उघडल्यावर आत डांबरासारखा गाळ, ऑइल परत जायचं भोक पूर्ण बुजलेलं. नळीला बेंडवर चीर होती. आधी बसवलेला एअर फिल्टर मापाने किंचित लहान निघाला. एका कोपऱ्यात सील दाबलीच जात नव्हती, तिथे डब्याच्या आत धुळीची स्पष्ट रेघ दिसत होती, बोटाने पुसली तर कचकच लागली.

टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघितला. बाजूला किंचित हलतो, मागे-पुढे अजिबात नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. काका म्हणाले, टर्बो चांगला आहे, चालव. सेपरेटर आणि नळी नवी टाकली, फिल्टर चांगल्या दुकानातून आणला, इंटरकूलर काढून धुतला, ऑइल बदललं. टर्बोच्या तुलनेत खर्च किरकोळ. पूल चढताना फरक लगेच कळतो.

यंत्रवेडी

छान झालं. बाजूला किंचित खेळ असणं बरोबरच आहे, टर्बोचं बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. मागे-पुढे खेळ असता तर काळजी होती.

आता दोन गोष्टी. ती धुळीची रेघ म्हणजे न गाळलेली हवा आत गेली आहे. किती काळ, ते सांगता येणार नाही, म्हणून पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी नमुना लॅबला द्या. सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वाढलेलं आलं तर बोअर घासतोय. दुसरं, एक-दोन हजार किलोमीटरनंतर तोच होज परत काढा. आतून पातळ ओलसर थर असणं चालतं, बंद ब्रीदरच्या इंजिनात तेवढं राहतंच. ओघळ दिसला तर कंप्रेशन बघू.

साधा_ड्रायव्हर

काल बॅटरी धरून बघितलं. घडीच्या टोकाला तीन ठिकाणी उजेड दिसला. नवा फिल्टर टाकला. ताईंचं बरोबर आहे.

अनघा_मुलुंड

उशिरा आले धाग्यावर. आमच्या सोसायटीचा जनरेटर आहे, मी कमिटीवर आहे. तो तापून बंद पडतो. कूलंट बरोबर, पंखा बरोबर. रेडिएटरच्या जाळीवर काळा चिकट थर बसतो, धुतला तरी काही महिन्यांत परत. ब्रीदरची नळी इंजिनाच्या बाजूला उघडीच आहे. याचाच संबंध असेल का?

यंत्रवेडी

शंभर टक्के. जनरेटरचा पंखा हवा इंजिनावरून घेऊन रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. उघड्या ब्रीदरची ऑइलची वाफ त्या हवेबरोबर जाळीवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि रेडिएटर चोक होतो. नळी लांबवून कॅनोपीच्या (जनरेटरवरच्या पेटीच्या) बाहेर काढा आणि खाली डबा ठेवा. पण नळीचा व्यास कमी करू नका आणि मध्ये कुठे पोट येऊ देऊ नका. तिथे पाणी आणि ऑइल साचून नळी बंद होते. सलग उतार हवा.

आणि वॉचमन दर आठवड्याला दहा मिनिटं नुसता चालवून बंद करतो का? बहुतेक सोसायट्यांत तसंच होतं. बिनलोडचं इंजिन तापत नाही, वाफ आणि अर्धवट जळलेलं डिझेल ब्रीदरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरतं. लिफ्ट आणि पाण्याचे पंप त्याच्यावर घेऊन, निदान तीस टक्के लोड देऊन अर्धा तास चालवा.

अनघा_मुलुंड

अगदी तसंच करतो तो, दहा मिनिटं आणि तेही बिनलोड. रविवारी सकाळी टाक्या भरतात तेव्हा पंप त्याच्यावर घ्यायला सांगते. नळीचं काम आधी करून घेऊ, मग जाळी धुऊ, नाहीतर धुतलेलं वाया जाईल.